गोदावरी जिथे संपते, त्या जिल्ह्याचं नाव

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे दोन-तीन विषय डोक्यात होते, पण लिहायला बसलं की नको वाटायचं. हा विषय मात्र जात नाहीये, तेव्हा एकदाचा लिहून टाकतो. थोडा लांबेल. आणि आमच्या नांदेडच्या मंडळींपैकी काहींना आवडणार नाही, हेही माहीत आहे. वाचून मग भांडा.

गोदावरी कुठे उगम पावते हे मराठी शाळेत गेलेला कुणीही सांगेल. ब्रह्मगिरी, त्र्यंबकेश्वर. नाशिक, पैठण, नांदेड ही नावंही ओळीने येतील. पण ती संपते कुठे? "बंगालच्या उपसागराला मिळते" एवढ्यावर आपला धडा आटोपतो. ज्या नदीला आपण घरात गंगाच म्हणतो, जिच्या काठाला गंगथडी म्हणतो, तिचं शेवटी काय होतं याची चौकशी आपण फारशी करत नाही. धर्माबादच्या पुढे ती तेलंगणात शिरली की आपल्या लेखी संपलीच!

प्रत्यक्षात तिथून पुढे ती शेकडो किलोमीटर जाते. राजमहेंद्रीपाशी तिचं पात्र समुद्राच्या तोडीचं होतं, आणि खाली धवलेश्वरमजवळ ती फुटते. डावीकडची गौतमी, उजवीकडची वसिष्ठा. पुढे वसिष्ठेतून आणखी एक फाटा निघतो, वैनतेया. या शाखा आणि समुद्र यांच्या मधे जो हिरवागार तिकोनी तुकडा राहतो, त्याचं नाव कोनसीमा. तेलुगूत 'कोन' म्हणजे कोपरा आणि 'सीम' म्हणजे प्रदेश. आपल्याला भाषांतराची गरजच पडू नये असं नाव.

शाखांच्या नावांची गोष्टही छान आहे. गौतम ऋषींनी त्र्यंबकला गोदावरी आणली हे आपल्याला ठाऊक असतं. तिकडची कथा पुढची आहे. नदी समुद्राजवळ आली तेव्हा सात ऋषींनी तिचे सात प्रवाह करून नेले. कश्यप, अत्री, गौतम, भरद्वाज, विश्वामित्र, जमदग्नी आणि वसिष्ठ. म्हणून सप्तगोदावरी. त्यांतले काही प्रवाह आता नावापुरतेच उरलेत, कुठे ओढा तर कुठे कालवा. म्हणजे नाशिकला जिला गौतमी म्हणतात तिचं हेच नाव समुद्रापाशीही टिकलंय. १४६५ किलोमीटर वाहून नाव शाबूत राहणं ही काही लहान गोष्ट नाही. (वैनतेया या सातांत नाही. ती विनतेच्या मुलाची, म्हणजे गरुडाची. उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी.)

आता सरकारी नावं बघा. इंग्रजांनी १८५९ मध्ये इथे एक गोदावरी जिल्हा केला. १९२५ मध्ये फेररचना होऊन पूर्व गोदावरी आणि पश्चिम गोदावरी झाले. ही नावं जवळजवळ शंभर वर्षं चालली. २०२२ च्या ४ एप्रिलला आंध्र प्रदेश सरकारने १३ जिल्ह्यांचे २६ केले, तेव्हा या दोन गोदावऱ्यांचेही तुकडे झाले. गंमत अशी की 'पूर्व गोदावरी' हे नाव राजमहेंद्रीच्या वाट्याला आलं आणि त्या जिल्ह्यात नदीच्या पश्चिम काठावरचं कोव्वूर, निडदवोलूही घातलं गेलं. म्हणजे पूर्व गोदावरी आता गोदावरीच्या दोन्ही बाजूंना आहे, आणि तिला समुद्रच नाही! जिल्ह्यांची नावं कशी पडतात हे ज्याला शिकायचं असेल त्याने या नकाशासमोर अर्धा तास बसावं.

त्याच दिवशी कोनसीमा जिल्हा जन्माला आला. मुख्यालय अमलापुरम. त्यावेळच्या रचनेत २२ मंडलं, २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे १७ लाख माणसं. (मंडल म्हणजे आपल्या तालुक्याहून बरंच लहान. १९८५ मध्ये एन. टी. रामारावांनी जुने तालुके मोडून ही मंडलं केली, लोकांना कचेरी जवळ पडावी म्हणून.) खरं तर पाटबंधारे खात्याने ही कोनसीमा कधीच वेगळी मानली होती. तिथे पूर्व डेल्टा, मध्य डेल्टा, पश्चिम डेल्टा अशी विभागणी आहे आणि मध्य डेल्टा म्हणजेच बहुतेक सगळी कोनसीमा. महसूल खात्याला ते कळायला दीडशेहून जास्त वर्षं लागली.

हे पाटबंधाऱ्यांचं प्रकरण आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनिअरचं. १८३० च्या दशकात या भागाने आधी दुष्काळ पाहिला आणि मग १८३९ च्या वादळात कोरिंगा बंदर समुद्राने धुऊन नेलं. शेजारून एवढी मोठी नदी वाहतेय आणि माणसं उपाशी, हे बघून कॉटनने १८४७ ते १८५२ या काळात धवलेश्वरमला बंधारा बांधला आणि कालवे काढले. आज तिथे नवं बॅरेज आहे, त्यालाही कॉटनचंच नाव. आणि पुतळे! गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात कॉटनचे इतके पुतळे आहेत की मोजायचा नाद सोडून द्यावा. घोड्यावर बसलेला, उभा असलेला, नुसतं डोकं असलेला. काही पुरोहित स्नानाच्या संकल्पात त्याचं नाव घेतात असं सांगतात. परका माणूस, परका धर्म, परकं राज्य, पण "आमचा त्याचा काय संबंध?" असं कुणी विचारत नाही. पाणी दिलं, संबंध झाला. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मागच्या हिवाळ्यात मी तिथे चार दिवस होतो. राजमहेंद्रीहून रावुलपालेमला पूल ओलांडला की कालव्याच्या कडेने रस्ता सुरू होतो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला भात, आणि सगळीकडे नारळ. कोकण आठवतं, पण कोकणातला चढउतार नाही. सगळं सपाट, जणू पाण्याच्या पातळीने आखून दिलेलं. नदीतल्या बेटांना तिथे 'लंका' म्हणतात आणि पुष्कळ गावांच्या नावांत ही लंका असते. आत्रेयपुरमला कागदासारख्या पातळ पापुद्र्यांत गूळ-साखर आणि तूप भरून गुंडाळलेले पूतरेकुलु मिळतात. पावसाळ्यात पुराच्या लाल पाण्याबरोबर पुलसा मासा वर चढतो, त्याची किंमत मात्र विचारू नये.

असं वर्णन वाचलं की स्वर्गच वाटतो. पण १९९६ च्या नोव्हेंबरमधल्या वादळाने इथे हजाराच्या वर माणसं नेली आणि माड झोपवले. एक माड उभा करायला किती वर्षं लागतात हे कोकणातल्या लोकांना सांगायला नको. १९९५ मध्ये पासर्लपूडीला तेलविहिरीचा भडका उडाला तो दोन महिने जळत होता. २०१४ च्या जूनमध्ये नगरम गावात गॅसची पाइपलाइन फुटून माणसं होरपळली. २०११ मध्ये तर शेतकऱ्यांनी भात परवडत नाही म्हणून खरिपाचा पेराच केला नाही. 'क्रॉप हॉलिडे' म्हणत होते त्याला, शेतीची सुट्टी. इथल्या कितीतरी घरांतल्या बायका आखातात घरकामाला जातात. जमीन सोन्याची असली तरी ती सगळ्यांच्या नावावर नसते.

आणि इथेच माणसांची गोष्ट सुरू होते. कालव्याच्या कडेचं गाव असतं, आणि गावाला लागून पण गावात नसलेली एक वस्ती असते. तिला 'पेट' म्हणतात. आपल्याकडे जसा वाडा. माला आणि मादिगा या दलित जाती तिथे राहतात. पेटेत बहुधा एक चर्च असतं, आणि चौकात निळ्या कोटातले बाबासाहेब असतात, हातात पुस्तक घेऊन. जमीन बहुतेक इतरांची, राबणारे हात पेटेतले. पण शिक्षण इथे लवकर पोहोचलं. अमलापुरम लोकसभेला राखीव मतदारसंघ आहे. तिथूनच निवडून गेलेले जी. एम. सी. बालयोगी १९९८ मध्ये लोकसभेचे पहिले दलित सभापती झाले. २००२ च्या मार्चमध्ये हेलिकॉप्टर अपघातात ते गेले. अमलापुरमला रेल्वे यावी म्हणून त्यांनी फार खटपट केली. त्यांच्या हयातीत ती आली नाही, पुढच्या वीस वर्षांतही आली नाही.

तर नव्या जिल्ह्याला बाबासाहेबांचं नाव द्यावं अशी मागणी पुढे आली. बालयोगींचं नावही काहींच्या मनात होतं. १८ मे २०२२ ला सरकारने प्राथमिक अधिसूचना काढली. जिल्ह्याचं नाव 'डॉ. बी. आर. आंबेडकर कोनसीमा' करायचं, कुणाची हरकत असेल तर ३० दिवसांत कळवा. कोनसीमा शब्द काढलेला नव्हता, त्याच्या आधी एक नाव लावलं होतं, एवढंच. ३० दिवस थांबायलाही कुणी तयार नव्हतं. २४ मे ला अमलापुरममध्ये मोर्चा निघाला, दगडफेक झाली आणि मंत्री पिनिपे विश्वरूप यांचं आणि आमदार पोन्नाडा सतीश यांचं घर पेटवलं गेलं. विश्वरूप स्वतः दलित. पुढे कित्येक दिवस इंटरनेट बंद. दूरदूरच्या आयटी कंपन्यांची कामं घरून करणारी पोरं लॅपटॉप घेऊन नेट शोधत नदीपलीकडे जात होती, असं तेव्हा बातम्यांत होतं.

त्यावेळी मोर्चेकऱ्यांचं म्हणणं काय होतं? "आमचा आंबेडकरांना विरोध नाही. आमच्या प्रदेशाची ओळख जाऊ नये, एवढंच."

ही वाक्यं वाचली आणि मला नांदेड दिसलं.

१९७८ मध्ये मी तिसरीत होतो. २७ जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. आम्हा मुलांना शाळेला सुट्टी मिळाल्याचा आनंद होता. 'नामांतर' हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. घरातली मोठी माणसं ओसरीवर बसून जे बोलत ते मला आजही पाठ आहे. "आमचा बाबासाहेबांना विरोध नाही हो, पण मराठवाडा ही आमची अस्मिता आहे." अगदी हेच शब्द. ती माणसं वाईट नव्हती. कुणी कुणाला हात लावला नाही, कुणाच्या घरावर दगड मारला नाही. पण त्याच दिवसांत आमच्याच जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळे यांना मारलं गेलं, आणि गावोगावच्या वस्त्या जळाल्या. ओसरीवर त्या बातम्या सांगितल्या जायच्या, हळहळ व्हायची, आणि मग पुन्हा ते वाक्य यायचं, "पण..."

पुढची सोळा वर्षं तुम्हाला माहीत आहेत. लाँग मार्च झाला, तुरुंग झाले, नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतलं. शेवटी १४ जानेवारी १९९४ ला 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असं नाव झालं. बघा, मराठवाडा शब्द गेला नाहीच. नामांतराचा नामविस्तार झाला. १९७८ मध्येच कुणी हा तोडगा काढला असता तर? मी बरीच वर्षं असं समजत आलो की भांडण एका शब्दाचं होतं, आणि दोन्ही शब्द ठेवले असते तर कुणी मेलं नसतं. अमलापुरमने या समजुतीला सुरुंग लावला. तिथे दोन्ही शब्द पहिल्या दिवसापासून ठेवलेले होते. तरी घरं जळाली. म्हणजे जाणाऱ्या शब्दाचं दुःख हे खरं कारण नव्हतंच, न तिथे, न इथे. त्रास होता तो येणाऱ्या शब्दाचा.

हे मी कशावरून म्हणतो? त्याच १९९४ साली नांदेडला वेगळं विद्यापीठ झालं. त्याचं नाव स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. त्यातही मराठवाड्याच्या आधी एका माणसाचं नाव आहे. स्वामीजींचं मोठेपण वादातीतच, पण त्या नावामुळे आपली अस्मिता मागे पडली असं ओसरीवर कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. तिकडे आंध्रात २०२२ च्या त्याच फेररचनेत विजयवाड्याच्या जिल्ह्याला एनटीआर नाव दिलं. एनटीआरचं जन्मगाव निम्मकुरू त्या जिल्ह्यात नाहीच, ते शेजारच्या कृष्णा जिल्ह्यात राहिलं. तरी कुणाचं घर जळलं नाही. अल्लुरी सीताराम राजू, अन्नमय्या, सत्यसाई अशी नावं जिल्ह्यांना दिली, तीही पचली. कॉटनचे पुतळे तर आहेतच. "त्यांचा इथे काय संबंध?" हा प्रश्न फक्त एकाच माणसाबद्दल विचारला गेला.

आणि संबंधच विचारायचा तर सांगतो. मराठवाड्यात १९५० मध्ये औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) कॉलेज काढलं ते बाबासाहेबांच्या संस्थेनेच, विद्यापीठ त्यानंतर आठ वर्षांनी आलं. नद्यांचं म्हणाल तर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खातं सांभाळताना देशाच्या पाण्याचं धोरण त्यांच्याकडे होतं. दामोदर खोऱ्याची योजना त्या काळातली. महानदीच्या पुरांवर काय करायचं हे ठरवायला १९४५ मध्ये कटकला जी परिषद भरली तिचे अध्यक्ष तेच होते. पुराने मोडणाऱ्या त्रिभुज प्रदेशाचा विचार केलेला माणूस म्हणून कॉटनच्या शेजारी त्यांना जागा द्यायला काय हरकत आहे? पण हे सगळं सांगावं लागणं हाच खरा गुन्हा आहे. एनटीआरसाठी कुणी पुरावे मागितले नव्हते.

अमलापुरमला एका निवृत्त शिक्षकांशी गाठ पडली. पेटेतले. हिंदी उत्तम बोलत होते. मी त्यांना विचारलं, "मास्टरगारू, नाव बदलून काय बदललं?" ते हसले. म्हणाले, "कालव्याला पाणी तेवढंच आहे. पण पूर्वी मी कोनसीमेचा म्हटलं की समोरचा पुढे विचारायचा, कुठली पेट? आता सरकारी कागदावर जिल्ह्याच्या नावातच आम्ही आहोत. ज्याला माझ्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्यालाही आता पत्ता लिहिताना ते नाव लिहावं लागतं." त्यांनी हे रागाने म्हटलं नाही. चहाचा पेला खाली ठेवत, हवापाण्याचं बोलावं तसं म्हटलं.

नारळाच्या एका व्यापाऱ्याशीही बोलणं झालं. तो दुसऱ्या बाजूचा. त्याचं म्हणणं, "आम्ही कोनसीमाच म्हणतो. पूर्ण नाव कोण घेतो?" खरं आहे. आपल्याकडेही विद्यापीठाचं 'बामू' झालंच की. लोकांच्या तोंडात नाव आखूडच होतं. पण दाखल्यावर, बोर्डावर, निवडणुकीच्या यादीवर ते पूर्ण राहतं, आणि भांडण त्या जागेचंच होतं.

२४ जून २०२२ ला मंत्रिमंडळाने नाव कायम केलं. त्यानंतर तीनच आठवड्यांत गोदावरीला महापूर आला, धवलेश्वरमवरून २५ लाख क्यूसेकच्या वर पाणी गेलं. लंकांमधली गावं बुडाली. ज्या पोरांनी मे मध्ये एकमेकांवर दगड मारले असतील, त्यांतली काही जुलैमध्ये एकाच नावेत बसली असतील. यातून एकोप्याचा धडा काढायचा मोह होतो, पण मी काढत नाही. पुरात सगळे एका नावेत बसतात आणि पूर ओसरला की गाव गावात जातं, पेट पेटेत जाते. मराठवाड्यातही दुष्काळात तसंच होतं.

मला एवढंच म्हणायचंय. कुठल्याही नावाच्या वादात "आमचा विरोध नाही, पण" असं वाक्य ऐकू आलं की त्यातला 'पण' नंतरचा भाग बाजूला ठेवून बघावं, हेच नाव दुसऱ्या कुणाचं असतं तर तो भाग कुणी उच्चारला असता का? आमच्या ओसरीवरच्या माणसांना हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही. त्यातली बरीच आता नाहीत. जी आहेत त्यांतली दोघं-तिघं हा ब्लॉग वाचतात.

तेव्हा आप्पा, मोठे काका, आणि १९७८ मध्ये जे कॉलेजात होते ते सगळे, तुम्हाला काय आठवतं ते खाली लिहा. रागावून लिहिलंत तरी चालेल. फक्त "आम्हाला काही माहीत नव्हतं" एवढं लिहू नका. टेंभुर्णी आपल्याच जिल्ह्यात आहे.